नजरेचा मुक्काम लांब हवा

जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यांची चाळण झाली की दुचाकीवाल्यांमधला एक जुना वाद नव्याने पेटतो. रविवारी पहाटे घाटात गाड्या काढणारी, प्रशिक्षण घेतलेली मंडळी ठासून सांगतात, जिथे जायचंय तिथे बघा, पुढच्या चाकाखाली बघू नका. रोज तीस-चाळीस किलोमीटर कामावर जाणारे, दुधाचे कॅन लावून फिरणारे, पार्सलं पोचवणारे त्यावर उसळून म्हणतात, तुमचे धडे गुळगुळीत रस्त्यांसाठी आहेत, आमच्याकडे खाली बघितलं नाही तर दात घशात जातील. मग कोण किती वर्षं गाडी चालवतोय, कोण किती वेळा पडलाय याचे दाखले निघतात आणि चर्चा एकमेकांच्या उण्यादुण्यांवर येऊन थांबते. दोन्ही बाजू नजरेला एक कायमची जागा नेमून द्यायला निघाल्यात, आणि माझ्या मते घोळ तिथेच आहे. नजरेचा मुक्काम लांब हवा, तिथून तिने जवळ फेऱ्या मारून परत यायला हवं, आणि गाडीचा वेग नजरेच्या टप्प्याच्या आत हवा. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याबद्दल दोन्हीकडचे लोक चकार शब्द काढत नाहीत.

हा हौशी लोकांचा विषय आहे असं कुणाला वाटू शकेल. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, म्हणजे पाऊण लाखाच्या आसपास. यातल्या बहुतेकांना गाडी चालवायला कुणी शिकवलं असेल? वडिलांनी, भावाने, मित्राने, एखाद्या संध्याकाळी, क्लच हळू सोड आणि ब्रेक एकदम दाबू नकोस एवढं सांगून. डोळ्यांबद्दल त्यात एक शब्द नसतो.

गेल्या वर्षी भाचीला गाडी शिकवत होतो. गावाबाहेरच्या शाळेचं मैदान, सुट्टीचे दिवस. मैदानात सात-आठ विटा मांडल्या आणि म्हटलं, यांना खड्डे समज आणि मधून गाडी काढ. तिने पहिल्या दोन विटा चुकवल्या आणि तिसरीवर नेमकं पुढचं चाक चढवलं. मी म्हटलं, "विटेकडं बघू नको." ती गाडी बंद करून माझ्याकडे वळली. "मामा, खड्ड्याकडं बघितल्याशिवाय तो चुकवायचा कसा?" 'खाली बघा' म्हणणाऱ्यांचा अख्खा युक्तिवाद या एका वाक्यात आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. "अगं, पुस्तकात तसं लिहिलंय" म्हणून तो उडवून लावता येणार नाही.

त्यांच्या बाजूने जे आहे ते आधी पदरात घालू. चारचाकीचं एक चाक खड्ड्यात गेलं तर उरलेली तीन तिला सावरतात. दुचाकीला ती सोय नाही. स्कूटरचं चाक इतकं लहान की ताटाएवढा खड्डा त्याला गिळतो. शिवाय प्रश्न नुसत्या खड्ड्यांचा नाही. वळणावर सांडलेली बारीक खडी, पावसात निसरडे झालेले पांढरे पट्टे, गटाराचं वर आलेलं झाकण, डिझेलचा ओघळ, शेण, ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर पसरलेलं पाचट, हे सगळं जमिनीवर असतं आणि खाली बघितल्याशिवाय दिसत नाही. सरकारी आकड्यांतच २०२२ मध्ये खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८५६ जण गेल्याची नोंद आहे. परदेशातल्या शिकवणीत रस्ता बरा आहे हे गृहीत धरलेलं असतं, आपल्याकडे ते धरता येत नाही. इथपर्यंत मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

पण आता जरा हिशोब करू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर तोडते. काहीतरी दिसणं, ते काय आहे हे उमगणं, काय करायचं ते ठरणं आणि हात हलणं, या सगळ्याला सावध माणसालाही एक सेकंद लागतो. चाकापुढच्या सात मीटरवर डोळे लावून जो चाललाय त्याला खड्डा दिसतो तेव्हा मध्ये उरलेला असतो अर्धा सेकंद. म्हणजे हात हलायच्या आत चाक खड्ड्यात. 'खाली बघून' तो खड्डा चुकवत नाही, आपण कशात पडतोय हे त्याला पडताना कळतं एवढंच. मग वर्षानुवर्षं खाली बघून खड्डे चुकवणारे खोटं बोलतात का? नाही. ताशी वीसने जाताना तेच सात मीटर सव्वा सेकंद देतात आणि तेवढे पुरतात. संध्याकाळी सहाला लक्ष्मी रोडवर किंवा ठाण्यात घोडबंदर रोडच्या कोंडीत त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. कोंडी फुटते, गाडी पन्नासवर जाते आणि डोळे मात्र वीसच्याच जागेवर राहतात, तिथे ते खोटं ठरतं. नजर आणि वेग यांना वेगळं करून हा वाद घालताच येत नाही, आणि आपण नेमकं तेच करत आलोय.

आणि खड्डा लांबून दिसत नाही हे तरी कितपत खरं? खड्डा दिसत नसेल, पण त्याच्या खुणा शंभर-दीडशे मीटरवरून दिसतात. पुढच्या रिक्षाचा मागचा लाल दिवा एकाच जागी उडी मारतो. ओळीने जाणाऱ्या गाड्या एका ठिकाणी विनाकारण उजवीकडे झुकून परत येतात. डांबराचा रंग बदलतो, म्हणजे तिथे ठिगळ आहे, आणि ठिगळाची कड आधी उखडते. उताराच्या तळाशी पाणी साचतं म्हणून तिथे खड्डा असतोच. पुलाच्या सांध्यावर असतो. झाडांची ठिबक पडत राहते तिथे असतो. बसथांब्यासमोर जड गाड्या रोज ब्रेक मारतात म्हणून तिथे डांबराच्या लाटा उठलेल्या असतात. पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली तर जवळ जाऊन, वाकून बघितली तरी कळत नाही. तिथे पुढच्या गाडीचं चाक किती बुडालं हेच बघावं लागतं. ज्याला खड्ड्यांची सगळ्यात जास्त भीती आहे, त्याने म्हणूनच सगळ्यात लांब बघितलं पाहिजे.

भाचीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे मिळतं: खड्डा लांबूनच बघायचा, एकदा, नीट. उरलेलं निम्मं उत्तर त्याहून अवघड आहे. एकदा दिसल्यावर त्याच्यावरून नजर काढायची आणि शेजारच्या चांगल्या डांबराकडे न्यायची. कारण माणसाचे हात नजरेमागे जातात. यात श्रद्धेचा प्रश्न नाही. सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवल्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर, केलेल्या प्रयोगांत चालकांना रस्त्याच्या एका बाजूला बघत राहायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या नकळत गाडी त्याच बाजूला सरकत गेली. दुसऱ्या महायुद्धात विमान खाली झोकून जमिनीवरच्या लक्ष्यावर मारा करणाऱ्या वैमानिकांच्या बाबतीत हे फार महाग पडलं. लक्ष्यावर डोळे इतके खिळायचे की विमान वर काढायची वेळ निघून जायची आणि वैमानिक स्वतःच लक्ष्यावर जाऊन आदळायचा. दुचाकी शिकवणारेही हाच धडा देतात.

मला तो वरंध घाटात मिळाला. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, सप्टेंबरचे दिवस, पाऊस थांबून ऊन पडलेलं. डावीकडच्या वळणात समोरून एक टेम्पो आला, मध्यरेषेच्या जरासा माझ्या बाजूला. त्याच्या बंपरला लिंबू-मिरची लोंबत होती. ती मला आजही दिसते, कारण त्या दोन-तीन सेकंदांत मी दुसरं काहीही बघितलं नाही. गाडी वळणात झुकायची सोडून सरळ त्या लिंबू-मिरचीकडे निघाली. टेम्पोवाल्याने पूर्ण थांबवला म्हणून मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा राहू शकलो. तो खाली उतरला, रागावला नाही, नुसता माझ्या डावीकडे हात करून म्हणाला, "एवढा मोकळा रस्ता होता की हो इकडं!" मी मान वळवली. सात-आठ फूट कोरडं, स्वच्छ डांबर. ते सगळा वेळ तिथेच होतं.

एकाग्रता म्हटली की आपल्याकडे अर्जुन आठवतो. झाड नाही, फांदी नाही, पक्षी नाही, फक्त पक्ष्याचा डोळा. शाळेपासून ही गोष्ट आपल्या मनात इतकी रुजलेली आहे की लक्ष देणं म्हणजे एकाच बिंदूवर खिळणं असं आपण समजून चालतो. मुलगा गाडी घेऊन निघाला की आई म्हणते, "लक्ष ठेवून चालव." तो बिचारा लक्ष ठेवतो म्हणजे काय करतो? पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे टक लावतो. पण अर्जुन उभा होता, पक्षी बसलेला होता, आणि गुरूंची अपेक्षा बाण त्या डोळ्यातच जावा अशी होती. रस्त्यावर आपण स्वतःच बाण असतो, आणि जिथे टक लावू तिथे जाऊन लागण्यात आपलं मरण असतं. द्रोणाचार्यांचा धडा धनुर्विद्येसाठी अचूक आहे, रस्त्यासाठी तो घातक आहे हे मी पूर्ण आदराने म्हणतो.

त्यापेक्षा पेरणीची तिफण बघा. तास सरळ हवा असेल तर जाणता माणूस फणाकडे बघत बसत नाही. समोरच्या बांधावरची एखादी बाभळ धरतो आणि तिच्या रोखाने बैल चालवतो. मध्येच खाली एक नजर टाकतो, बी नीट पडतंय ना, फण ढेकळात अडकला नाही ना, आणि डोळे पुन्हा बाभळीकडे. नवशिका पोरगा सगळा वेळ फणाकडे बघतो आणि त्याचा तास सापासारखा वळवळत जातो. किंवा क्रिकेट घ्या. 'चेंडूवरून नजर हलवू नको' हे गल्लीतल्या प्रत्येक पोराने ऐकलेलं असतं. २००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या संशोधकांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या तेव्हा दिसलं ते वेगळंच. फलंदाज चेंडू हातातून सुटताना बघतो, मग डोळे चेंडूला मध्येच सोडून तो जिथे टप्पा पडणार त्या जागी आधीच उडी मारून थांबतात. फलंदाज जितका सरस, तितकी ही उडी लवकर. चांगला दुचाकीस्वारही हेच करतो. चाकाच्या आधी त्याचे डोळे पुढच्या टप्प्यावर पोचलेले असतात.

आता माझ्याच बाजूच्यांना दोन शब्द. 'जिथे जायचंय तिथे बघा' हे वाक्य मंत्रासारखं म्हणत राहणाऱ्यांनीही विषय अर्धाच समजून घेतलाय. याच लँड यांनी ज्युलिया हॉर्वूड यांच्याबरोबर १९९५ मध्ये एक सुरेख प्रयोग केला. सिम्युलेटरवर चालकाला रस्त्याची फक्त एक अरुंद पट्टी दिसेल अशी सोय केली. फक्त लांबची पट्टी दिसत होती तेव्हा चालक वळणाचा बाक छान पकडत होते, पण आपल्या लेनमध्ये नीट राहू शकत नव्हते. फक्त जवळची दिसत होती तेव्हा जागा धरून राहत होते, पण गाडी झटके देत चालायची. लांबची एक आणि जवळची एक, अशा दोनच पट्ट्या दिसल्या तरी ते जवळजवळ पूर्ण रस्ता दिसत असल्यासारखे चालवत होते. या प्रयोगानंतर 'लांब की जवळ' हा प्रश्न खरं तर उरायलाच नको होता. वळणाच्या तोंडावर सांडलेल्या खडीकडे एक झटकन नजर टाकायलाच हवी. ती न टाकता क्षितिज न्याहाळत आत शिरणारा माणूस शिकलेला असेल, शहाणा नाही. मात्र जवळची नजर ही फेरी असते. जायचं, बघायचं, परत यायचं. आरसे, स्पीडोमीटर, डावीकडच्या गल्लीचं तोंड, उभ्या मोटारीचं उघडू पाहणारं दार, हे सगळं त्या फेरीत येतं.

किती वेळ असतो या सगळ्याला? दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजलिस परिसरात ९०० दुचाकी अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. अपघात टाळण्यासाठी स्वाराला साधारणपणे दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळालेला होता. आणखी एक गोष्ट त्यात आहे जी फार थोडे सांगतात: तीन चतुर्थांशाहून जास्त वेळा धोका समोरच्या दिशेपासून डाव्या-उजव्या ४५ अंशांच्या आतच होता. म्हणजे पाठीमागून किंवा कडेकडून अचानक काही आलं असं क्वचितच घडलं. बघण्याच्या कोनात होतं, बघितलं गेलं नव्हतं. याच अहवालाने हेल्मेटमुळे नजरेला आडकाठी होत नाही असाही निष्कर्ष काढला होता. पुण्यात २०१९ च्या सुरुवातीला हेल्मेटसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या माझ्या मित्रांपैकी कितीतरी जण 'बाजूचं दिसत नाही' हेच सांगत होते. तेव्हाही आपण वाद असाच घातला होता, स्वतःच्या सवयीला पुरावा समजून.

आता वेगाकडे येतो. घाटातल्या वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा एका जागी मिळाल्यासारख्या दिसतात. इंग्लंडच्या पोलिसांच्या मोटरसायकल प्रशिक्षणात वळणांची शिकवण या बिंदूवर उभी आहे. आपण पुढे जाऊ तसा तो पुढे सरकत असेल तर वळण उघडतंय. तो जागेवर थांबून आपल्या अंगावर येतोय असं वाटलं तर वळण आवळतंय, वेग कमी करा. दिसतंय तेवढ्या रस्त्यात थांबता आलं पाहिजे, एवढाच नियम. ताम्हिणीत किंवा आंबोलीत धुकं उतरलं की हा बिंदू पंधरा मीटरवर येतो, आणि तरी शेजारून ऐंशीने गाड्या जातात. ते लोक खाली बघतात की लांब, याने काय फरक पडणार आहे?

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हिवाळ्यातल्या रात्री याहून वाईट असतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि बऱ्याचदा बंद पडून रस्त्यातच उभ्या. साध्या गाडीचा उजेड डिपरवर तीस-चाळीस मीटरपर्यंतच कामाचा असतो. ताशी साठने जाणाऱ्याचे पहिल्या सेकंदात सतरा मीटर जातात, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारूनही थांबायला आणखी सत्तावीस-अठ्ठावीस मीटर लागतात. पंचेचाळीस मीटर लागणार आणि दिसणार चाळीस. ती पाच मीटरची तफावत म्हणजे ट्रॉलीची मागची फळी. अशा ट्रॉलीवर आदळून माणूस गेलेलं एखादं घर नाही, असं गाव आमच्या भागात मला माहीत नाही. तिथे ट्रॉलीवाल्याची चूक आहे, शंभर वेळा आहे. पण रात्री दहाला त्या रस्त्यावर चाललेल्या माणसाच्या हातात चाळीसचा वेग आहे, आणि तो वेग त्याला दिसणाऱ्या चाळीस मीटरच्या आत थांबवतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो माझ्या मते सगळ्यांत वजनदार आहे. नजरेचे धडे देणं म्हणजे दोष स्वारावर ढकलून रस्ते करणाऱ्यांना मोकळं सोडणं. ज्यांनी पहिल्या पावसात वाहून जाणारं डांबर टाकलं, ज्यांनी ते तपासून बिलं मंजूर केली, त्यांच्याऐवजी मेलेल्याचे डोळे तपासायचे? हा राग मला कळतो, माझाही तो आहे. चांगला रस्ता मिळणं हा घटनेच्या कलम २१ खाली नागरिकांचा हक्क आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलंय, आणि त्या हक्कासाठी अर्ज, तक्रारी, कोर्टकचेऱ्या करणाऱ्यांच्या मागे मी उभा आहे. पण विहिरीला कठडा नाही म्हणून पंचायतीशी भांडणारी बाई आपल्या पोराला पोहायलाही शिकवतेच ना? तिने शिकवलं म्हणून पंचायतीचा गुन्हा कमी होत नाही. आणि दुसरं असं की लांब बघायला शिकलेला स्वारच रस्त्याचे दोष नेमके दाखवू शकतो: या वळणावर झुडपामुळे पुढचं दिसत नाही, इथला सूचनाफलक झाडाआड गेलाय, इथे गतिरोधकावर रंग नाही. खाली बघून चालणाऱ्याला फक्त खड्डा दिसतो.

राहिलं लायसन. गेल्या उन्हाळ्यात भाचीबरोबर परीक्षेच्या मैदानावर दोन तास उभा होतो. आठचा आकडा काढायचा आणि पाय टेकवायचा नाही. एकामागून एक पोरं-पोरी येत होती आणि बहुतेकांचे डोळे पुढच्या चाकाजवळच्या चुन्याच्या रेघेवर. रेघेवर डोळे म्हणून गाडी डगमगते, डगमगते म्हणून पाय टेकतो, पाय टेकला म्हणून पुढच्या महिन्यात परत. कुणीही त्यांना मान वर करा एवढंही सांगत नव्हतं. आठ पूर्ण झाला की पास. ज्याने रेघेकडे बघून कसाबसा आठ काढला तो तीच नजर घेऊन हायवेला लागणार. या परीक्षेत एक साधी गोष्ट वाढवायला पैसे लागत नाहीत. समोर वीस-पंचवीस मीटरवर एक माणूस उभा करा, त्याने हाताची बोटं दाखवत राहावं आणि आठ काढणाऱ्याने ती मोठ्याने सांगावीत. ज्याचे डोळे चाकाखाली आहेत त्याला ती सांगता येणार नाहीत.

मी हे मैदानावरच्या विटांमध्ये करून बघितलं. मी पलीकडच्या टोकाला, आंब्याखाली उभा राहून बोटं बदलत होतो. पहिल्या दिवशी ती ओरडली, "मामा, एक तर बोटं बघते नाहीतर विटा!" तिसऱ्या दिवशी "दोन... चार... एक..." म्हणत ती मधून निघाली, दोनदा विटांकडे नजर गेली आणि लगेच वर आली. माझ्याजवळ येऊन गाडी थांबवली आणि मागे वळून आधी विटा मोजल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या.